पंखा लागला की जिप्सी बसते: लॅपटॉपवर पेट्रोल लावणाऱ्यांची मदत हवी

लालजिप्सी (सावदा) | १२ मे, रात्री १०:४०

राम राम मंडळी.

गाडी १९९८ ची जिप्सी किंग, मूळची कार्ब्युरेटरची. दोन वर्षांपूर्वी तिच्यात नंतरच्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) जिप्सीचं १६ व्हॉल्व्हचं १२९८ सीसी इंजिन बसवलं. आरटीओची परवानगी आधी घेतली, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घेतला. इंजिनासोबतची मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि वायरिंग मिळालीच नाही, म्हणून स्पीडुइनो, म्हणजे लॅपटॉपवरून आकडे भरता येणारी ईसीयू, लावली. कॅमशाफ्ट मूळपेक्षा तेज आहे, चार-दोन-एकचा हेडर (एक्झॉस्टचे चार पाइप दोनात, मग एकात) आहे, इंजेक्टर मिनिटाला २४० सीसी टाकणारे. क्रँकच्या पुलीवर छत्तीस दातांचं, एक दात काढलेलं चाक जळगाव एमआयडीसीत लेथवर करून घेतलं. लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ (आकडे भरायचं सॉफ्टवेअर), हेडरच्या जोडापुढे वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा).

हिवाळाभर गाडी गुणाने चालली. एप्रिल लागला आणि दोन दुखणी सुरू झाली.

पहिलं म्हणजे, रेडिएटरचा पंखा लागला की आयडलिंग ८५० वरून ६०० वर घसरतं, लॅम्बडा (हवा-पेट्रोलचा मेळ; १ म्हणजे बरोबर, १ च्या वर पेट्रोल कमी, खाली जास्त) ०.९६ वरून १.१० वर जातो आणि बऱ्याचदा इंजिन बसतं, म्हणजे बंद पडतं. दुसरं, केळीच्या वावरात गाडी वीस मिनिटं उन्हात उभी केली आणि परत चालू केली की पहिली दोन-तीन मिनिटं झटके मारते, पाय दाबला तर खोकते. नंतर आपोआप सुरळीत होते.

मी काय केलं, तर व्हीई टेबलात (इंजिन किती टक्के हवा भरून घेतं त्याचे आकडे) आयडलिंगच्या खान्यांत ५० होते तिथे ५७ केले. आता पंखा चालू असताना गाडी बसत नाही. पण पंखा बंद झाला की लॅम्बडा ०.८४, मागे उभं राहिलं तर डोळे चुरचुरतात, प्लग काळे. एकीकडे झाकावं तर दुसरीकडे उघडं पडतं, तशी गत झाली आहे. कुणी वाट दाखवा.

---

कार्बप्रेमी (धुळे) | १२ मे, रात्री ११:१५

भाऊ, मी स्क्रू-ड्रायव्हरवर गाड्या लावणारा माणूस, लॅपटॉप मला कळत नाही. पण इंजिन तेच आहे. गरम झाल्यावर बारीक चालतं, पेट्रोल कमी पडतं, म्हणजे कुठून तरी जादा हवा ओढतंय का ते आधी बघ. मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांचं) गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, इंजेक्टरच्या खालच्या रबरी रिंगा. थंड असताना घट्ट बसतात, तापल्यावर सुटतात. आणि पेट्रोलचा दाब गेज लावून बघ. अंदाजाने नको, गेज लाव.

---

लालजिप्सी | १३ मे, दुपारी १:०५

काका, दोन्ही बघितलं. बूस्टरचा पाइप चिमटा लावून बंद केला, फरक नाही. गॅस्केटभोवती पाण्याचा बारीक फवारा मारला, आयडलिंग हललं नाही. पेट्रोलचा दाब ३ बार, पंखा चालू असो की बंद, काटा जागचा हलत नाही.

---

भुसावळी_वायरमन | १३ मे, रात्री ९:३०

काटा हलला नाही हे फार कामाचं सांगितलं. म्हणजे पेट्रोल पोहोचतंय, हवाही चोरी होत नाही. मग पंखा लागल्यावर बदलतं काय? विजेचा दाब. लॅपटॉपने टिपलेल्या लॉगमध्ये बॅटरी व्होल्टेजची रांग आहे, ती उघड. पंखा लागायच्या आधी किती आणि लागल्यावर किती, ते टाक. आणि मल्टिमीटरने त्याच वेळी बॅटरीच्या खुंट्यांवर काय मिळतं तेही लिही.

व्हीईचे खाने तेवढे जुन्या आकड्यावर परत आण. ती टेबल इंजिन किती हवा ओढतं हे सांगायला आहे. पंखा लागल्याने इंजिन ओढत असलेली हवा काही वाढत नाही.

---

लालजिप्सी | १४ मे, सकाळी ८:२०

ईसीयूवर: पंखा बंद असताना १३.८, लागल्यावर १२.२.
बॅटरीवर: १३.९ आणि १३.३.

खाने ५० वर परत नेले.

---

भुसावळी_वायरमन | १४ मे, रात्री १०:००

सापडलं. बॅटरी ते ईसीयू एवढ्याशा वाटेत १.१ व्होल्ट गळतात. पण त्याआधी गणित समजून घे, कारण हे समजलं की निम्मं ट्यूनिंग समजलं.

तुझ्या एका सिलिंडरची जागा ३२४.५ सीसी. त्यात पूर्ण भरलेली हवा साधारण ०.३९ ग्रॅम. निव्वळ पेट्रोलला हवा वजनाने १४.७ पट लागते, म्हणजे पेट्रोल ०.०२६५ ग्रॅम, मापात ०.०३५५ सीसी. तुझा इंजेक्टर सेकंदाला ४ सीसी टाकतो, म्हणून तेवढं पेट्रोल टाकायला ८.९ मिलिसेकंद लागतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘रिक्वायर्ड फ्युएल’ म्हणून जो आकडा भरलास तो हाच.

आता आयडलिंगला मॅनिफोल्डमधला दाब समजा ३५ किलोपास्कल आणि व्हीई ५०. ८.९ गुणिले ०.३५ गुणिले ०.५० म्हणजे १.५६ मिलिसेकंद. पण इंजेक्टर हा विजेवर उघडणारी झडप आहे, वीज मिळाली की त्याच क्षणी उघडत नाही. त्याला उघडायला जो वेळ लागतो तो डेड टाइम. तू १.० भरला आहेस, म्हणजे ईसीयू एकूण २.५६ मिलिसेकंदांचा पल्स देते. बघ, आयडलिंगच्या पल्समध्ये जवळपास चाळीस टक्के वेळ नुसता उघडण्यात जातो.

व्होल्टेज पडलं की झडप आळसावते. १.० ऐवजी १.२ लागले, तर २.५६ मधून पेट्रोल पडायला उरतात १.३६. तेरा टक्के पेट्रोल कमी. ०.९६ चा लॅम्बडा बरोबर १.१० होतो. तू पहिल्याच पोस्टमध्ये हाच आकडा लिहिला आहेस.

गाडी जोरात चालवताना पल्स दहा मिलिसेकंदांच्या आसपास असतो, तिथे ०.२ ने काही बिघडत नाही. म्हणून रस्त्यावर तुला काहीच जाणवलं नाही आणि आयडलिंगला गाडी बसली.

व्होल्टेजनुसार डेड टाइम वाढवायची एक छोटी टेबल सॉफ्टवेअरमध्ये असते. माझा अंदाज, तुझ्या फाइलमध्ये ती सगळीकडे १०० टक्के आहे.

---

लालजिप्सी | १४ मे, रात्री १०:२५

आण्णा, आत्ताच उघडून बघितली. सगळीकडे १००. ज्या गॅरेजवाल्याने पहिली फाइल भरून दिली त्याने ही टेबल उघडलीच नसणार. मीही दोन वर्षांत कधी उघडली नाही.

पण माझ्या इंजेक्टरला १२.२ व्होल्टला १.२ च लागतात हे कशावरून धरायचं? नेटवरून आकडे उचलायचे का?

---

भुसावळी_वायरमन | १४ मे, रात्री १०:५०

उचलू नको. मोज. इंजेक्टर धुवायचं मशीन ज्याच्याकडे आहे, काचेच्या खुणा केलेल्या नळ्यांचं, त्याच्याकडे जा. मशीनचा ड्रायव्हर वापरू नको, आपला व्होल्टेज कमी-जास्त होणारा सप्लाय लाव आणि पल्स तुझ्या स्पीडुइनोकडून दे, हार्डवेअर चाचणीची सोय आहे त्यात. मशीनमधलंच चाचणीचं द्रव वापर. उघड्यावर पेट्रोल घेऊन हा प्रयोग कुणीही करू नये.

दोन वेगवेगळ्या पल्सवर मोज, म्हणजे प्रवाह आणि डेड टाइम दोन्ही निघतील.

---

कार्बप्रेमी (धुळे) | १५ मे, सकाळी ७:१०

वायरमन भाऊ, नीट समजावलंत. आमच्या कार्ब्युरेटरमधल्या जेटलाही असंच असतं, भोकाचा आकार तोच पण फ्लोटची पातळी खाली गेली की पेट्रोल कमी. मी पोरांना सांगत असतो, जेट बदलायच्या आधी पातळी मोज.

---

लालजिप्सी | १८ मे, संध्याकाळी ६:४५

भुसावळला जाऊन आलो. आण्णा स्वतः आले होते, दोन तास उभे राहिले. त्यांचे आभार इथे सगळ्यांसमोर मानतो.

५००० पल्स दिले. १३.८ व्होल्टवर २ मिलिसेकंदांचे पल्स दिले तर नळीत २० सीसी, ४ मिलिसेकंदांचे दिले तर ६० सीसी. दोन्हीतला फरक ४० सीसी, जादा उघडा वेळ १० सेकंद, म्हणजे सेकंदाला ४ सीसी. इंजेक्टरवर लिहिलेला आकडा खरा निघाला. आणि २ मिलिसेकंदांच्या पल्समध्ये २० सीसी पडले म्हणजे इंजेक्टर खऱ्या अर्थाने उघडा होता ५ सेकंद, दर पल्सला १ मिलिसेकंद. उरलेला १ मिलिसेकंद डेड टाइम.

मग सप्लाय १२.२ वर आणला. १६ आणि ५६. फरक तोच ४० सीसी, प्रवाह तोच. पण डेड टाइम १.२.

काचेच्या नळीत ते द्रव वीसच्या खुणेऐवजी सोळाच्या खुणेवर थांबलेलं पाहिलं आणि महिनाभराचं कोडं सुटलं. चार नळ्या एका रांगेत, चारही सोळावर.

त्याच्या खाली ११ आणि १०, आणि वर १४.४ व्होल्टचेही आकडे घेतले. सेल्फ मारताना व्होल्टेज दहाच्या आसपास उतरतं, तिथेही ही टेबल लागते.

वायरिंगही उघडलं. पंख्याचं आणि ईसीयूचं अर्थिंग एकाच बोल्टवर, तो बोल्टही रंगावरच आवळलेला. पंख्याला बॅटरीवरून वेगळी वायर, वेगळा फ्यूज आणि रिले दिला. ईसीयूचं अर्थिंग थेट इंजिनाच्या हेडवर, खरवडून, घासून. आता पंखा लागला की ईसीयूवर १३.६ चं १३.१ होतं, आणि तेवढी घट टेबल भरून काढते. लॅम्बडा ०.९६ वरून ०.९७. आयडलिंग हलत नाही.

---

तापीकाठ_८०० (अमळनेर) | १८ मे, रात्री ९:००

दादा, अभिनंदन. माझ्या मारुती ८०० ला मीही स्पीडुइनो लावतोय, शिकतोय अजून. एक शंका. पंपावर आता इ२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इ२० ला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ नाही, १३.५ लागतं असं वाचलं. म्हणून मी गेजवर १३.५ येईपर्यंत पेट्रोल वाढवलं. गाडी ओढते छान, पण ॲव्हरेज पडलं आणि पीयूसीवाल्याने सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त म्हणून परत पाठवलं. कुठे चुकलं?

---

सातपुडा_फोरबायफोर (शहादा) | १८ मे, रात्री ९:४०

लहान भाऊ, वाचलंस ते खरं आहे, पण गेज काय सांगतो ते समजून घे. वाइडबँड सेन्सर टाकीत कोणतं पेट्रोल आहे ते ओळखत नाही. तो फक्त एवढंच मोजतो की जळून झाल्यावर ऑक्सिजन उरला की पेट्रोल उरलं. बरोबर जुळलं की लॅम्बडा १. मग गेज त्या १ ला स्वतःच १४.७ ने गुणून दाखवतो, कारण त्यात पेट्रोलची पट्टी भरलेली आहे. टाकीत इ२० असो की निव्वळ पेट्रोल, जुळलं की गेजवर १४.७ च येणार.

तू १३.५ आणलंस म्हणजे लॅम्बडा ०.९२ केलास. सगळीकडे, साध्या चालीलाही. सीओ वाढणारच.

गेज लॅम्बडावर लाव आणि १४.७, १३.५ हे आकडे विसर. मी स्वतः साध्या चालीला १.०, आयडलिंगला ०.९६ ते १.०, आणि पूर्ण पाय दाबल्यावर ०.८६ ते ०.८८ धरतो.

इ२० ला पेट्रोल जास्त लागतं हे खरंच आहे. इथेनॉलला वजनाने नऊ पट हवा पुरते, म्हणून मिश्रणाचं प्रमाण १३.५ वर येतं आणि मापाने सात-आठ टक्के जास्त टाकावं लागतं. ते रिक्वायर्ड फ्युएलमध्ये भर. लालजिप्सी भाऊ, तुमचे ८.९ निव्वळ पेट्रोलचे आहेत. इ२० ला ते ९.५ च्या आसपास जातील. तुम्ही हिवाळ्यात इ२० वरच व्हीई लावली असेल तर तो फरक तिच्यात मिसळून बसला आहे. ९.५ भरा आणि पूर्ण टेबल त्याच प्रमाणात खाली आणा. गाडीत काही फरक जाणवणार नाही, पण आकडे खरे होतील.

---

लालजिप्सी | १९ मे, सकाळी ७:५०

केलं. पूर्ण टेबल ०.९४ ने गुणली. आता आयडलिंगला ४७ आहे.

दुसरं दुखणं राहिलंच आहे, उन्हातून परत चालू करतानाचे झटके. काल दुपारी मुद्दाम लॉग घेतला. वावरात सावलीतला पारा ४३. वीस मिनिटं उभी गाडी चालू केली तेव्हा हवेच्या तापमानाचा सेन्सर ७४ दाखवत होता. लॅम्बडा १.०५. दोन-तीन मिनिटांत सेन्सर ५० वर उतरला तसा लॅम्बडा ०.९७ वर आला.

यावेळी मी व्हीईला हात लावला नाही.

---

भुसावळी_वायरमन | १९ मे, दुपारी २:१५

शाब्बास. सेन्सर कुठे बसवला आहे?

---

लालजिप्सी | १९ मे, दुपारी २:२०

मॅनिफोल्डमध्येच, थ्रॉटल बॉडीच्या (पाय दाबला की उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) मागे. तिथे आधीच आटे पाडलेलं भोक होतं.

---

भुसावळी_वायरमन | १९ मे, दुपारी २:५०

मग तो हवेचं नाही, ॲल्युमिनियमचं तापमान सांगतोय. गाडी उभी असताना इंजिनाची सगळी ऊब मॅनिफोल्डमध्ये चढते. चालू केल्यावर आत येणारी हवा ४३ ची, पण सेन्सरचं पितळी डोकं ७४ च्या धातूत रुतलेलं. ईसीयूला वाटतं हवा तापून विरळ झाली, पेट्रोल कमी टाकू. ४३ ला ३१६ केल्व्हिन, ७४ ला ३४७. भागाकार ०.९१. नऊ टक्के पेट्रोल कापलं गेलं. तुझं ०.९६ चं १.०५ झालं ते यामुळेच.

आपल्याकडे भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे ही खोड इथे जास्त दिसते. डिसेंबरात तुला ती दिसलीच नाही.

सेन्सर फिल्टरच्या पुढच्या रबरी पाइपात ने. शक्यतो उघड्या तोंडाचा घे, ज्यात बारीक दाणा हवेत उघडा असतो. तो लवकर बदलतो. आणि फिल्टर रेडिएटरच्या मागची गरम हवा ओढत असेल तर त्यालाही पुढच्या जाळीकडून वाट काढून दे.

---

कार्बप्रेमी (धुळे) | १९ मे, संध्याकाळी ५:३०

यासोबत पेट्रोलची नळीही बघा. एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर उन्हात उभी राहिल्यावर नळीत पेट्रोलची वाफ होते, त्यानेही असेच झटके येतात. कापडी स्लीव्ह चढवा.

---

सातपुडा_फोरबायफोर (शहादा) | १९ मे, रात्री ८:१०

हवेचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव. माझ्या गाडीत चार वेगळ्या थ्रॉटल बॉडी आहेत, मॅनिफोल्डचा दाब स्थिर मिळत नाही, म्हणून अल्फा-एनवर चालवतो. म्हणजे थ्रॉटल किती उघडा आणि आरपीएम किती, एवढ्यावरून पेट्रोल. शहाद्याहून तोरणमाळला चढलो. वर उंची साधारण ११५० मीटर. चढताना गाडी जड होत गेली, वर पोहोचेपर्यंत लॅम्बडा ०.८० च्या खाली. वर चहा प्यायला थांबलो, गाडी बंद करून चालू केली, सगळं ठीक!

कारण असं की बाहेरच्या हवेचा दाब माझी ईसीयू फक्त चावी देताना वाचत होती. खाली चावी दिली तेव्हा ९८ किलोपास्कल होता, वर ८८. चढताना तिला ते कळलंच नाही. आता हवेच्या दाबाचा वेगळा सेन्सर लावला आहे, तो सतत वाचतो. मॅनिफोल्डच्या दाबावर चालणाऱ्या गाड्यांना हा त्रास फारसा होत नाही, कारण त्यांचा मुख्य सेन्सरच खरा दाब मोजत असतो.

---

तापीकाठ_८०० | १९ मे, रात्री ९:२०

दादा, ऑटोट्यूनने हे सगळं आपोआप होत नाही का? नोंदणी केलेल्या ट्यूनरस्टुडिओत ती सोय आहे ना?

---

लालजिप्सी | १९ मे, रात्री १०:३०

आहे, मी वापरतोही. पण तिने लॅम्बडात चूक बघितली की ती व्हीईचा खाना बदलते. तिला दुसरं काही बदलताच येत नाही. पंखा लागल्यामुळे पेट्रोल कमी पडलं तरी खाना बदलणार, सेन्सर तापल्यामुळे कमी पडलं तरी खाना बदलणार. माझी टेबल एप्रिलमध्ये तिच्यामुळेच नांगरलेल्या वावरासारखी झाली होती, एक खाना वर, शेजारचा खाली. इंजिनाची हवा अशी उड्या मारत नाही. टेबलचं चित्र सातपुड्याच्या उतारासारखं सलग दिसलं पाहिजे.

म्हणून आधी इंजेक्टरचा प्रवाह, डेड टाइम, तापमानाचे सेन्सर, हेडरमधली गळती, हे सगळं खरं करून घे. हेडरच्या जोडात बारीक फट असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटंच ‘पेट्रोल कमी’ सांगतो. मिसफायर झालं तरी तसंच, न जळलेला ऑक्सिजन त्याला दिसतो. तेज कॅमच्या गाडीत आयडलिंगला हाच घोळ होतो, म्हणून आयडलिंगचे खाने मी ऑटोट्यूनला कुलूप लावून बंद ठेवतो आणि कानाने, मॅनिफोल्डच्या दाबाने लावतो.

आणि एकट्याने कधीही ट्यूनिंग करू नको. माझा चुलतभाऊ शेजारी लॅपटॉप घेऊन बसतो, मी फक्त रस्ता बघतो. पहाटे सातपुड्यातल्या पाल गावाकडे जाणारा चढ रिकामा असतो. तिसऱ्या गिअरमध्ये २५०० आरपीएम धरायचे आणि चढ वाढेल तसा पाय हळूहळू दाबायचा, आरपीएम तेच ठेवून. दाबाचे ६० ते ९० चे खाने एकेक करून भरतात. टिकटिक आवाज आला की पाय लगेच काढायचा, आधी टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घ्यायचं, मग पुढचं. पूर्ण पाय दाबून लावायचं काम डायनोवरच (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या मशीनवर) कर, रस्त्यावर नको.

---

सातपुडा_फोरबायफोर (शहादा) | २४ मे, सकाळी १०:००

लालजिप्सी भाऊ, आते कशी शे गाडी?

---

लालजिप्सी | २५ मे, रात्री ९:१५

सेन्सर रबरी पाइपात नेला, उघड्या दाण्याचा. पेट्रोलच्या नळीवर स्लीव्ह चढवली. फिल्टरला पुढच्या जाळीकडून चार इंची पाइप दिला.

आज दुपारी दीड वाजता वावरात मुद्दाम अर्धा तास उभी ठेवली. बॉनेटला हात लावता येत नव्हता. चावी दिली, सेन्सर ५२ वर होता, दहा-बारा सेकंदांत ४५. लॅम्बडा ०.९९, मग ०.९६. एकही झटका नाही. त्याच वेळी पंखाही लागला, तरी आयडलिंग ८५० ला जागच्या जागी. माझे वडील बांधावर बसले होते, ते म्हणाले, “आज खोकली नाही रे.”

प्लग काढून बघितले, चारही फिक्या विटकरी रंगाचे.

आता एक राहिलं. कमी व्होल्टेजचा डेड टाइम बदलल्यामुळे थंडीतल्या स्टार्टचे जुने आकडे आता जादा पेट्रोल टाकणार. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हाच ते नीट लावता येतील. तोवर धागा उघडा ठेवतो.

तापीकाठ भाऊ, वेगळ्या मेसेजमध्ये माझी आकड्यांची फाइल मागितली आहेस ती देतो, पण तिच्यातला डेड टाइम घेऊ नको. तुझे इंजेक्टर काढून पिशवीत घाल आणि येत्या रविवारी भुसावळला ये. नळ्यांचं मशीन सकाळी मोकळं असतं, आण्णांशी बोलून ठेवलं आहे.